हरणाला वासच नव्हता

३ जानेवारी
ह्यांच्या कंपनीची डायरी आली. माणूस जाऊन वर्ष होत आलं, कंपनीला अजून पत्ता नाही. दरवर्षीसारखी नाव छापून पाठवली. मुलगा म्हणाला, रद्दीत टाकतो. मी म्हटलं, ठेव इकडे. कोरे कागद रद्दीत टाकायला आपण काही जमीनदार लागून गेलो नाही.
शाळा चौथीपर्यंत झाली माझी, पण अक्षर सुनेपेक्षा बरं. तिचं अक्षर म्हणजे मुंगी शाईत पडली आणि घाबरून पळाली.
तापाने झोपून होते, आज उठले. नाक गच्च झालं होतं, तेही मोकळं झालं. अंगात ताकद आहे. घर परत माझ्या हातात घेतलं. सुनेने माझ्या मागे मिठाचा डबा साखरेच्या जागी ठेवलाय. बाकी काय काय केलं असेल ते हळूहळू कळेल.
ठरवलं ते असं: तेवीस फेब्रुवारीला ह्यांना जाऊन वर्ष होईल. रविवार आहे. सगळ्यांना जेवायला बोलवायचं आणि ह्यांच्या आवडीचं करायचं. कोंबडी नाही. रानातलं मटण. उग्र.

५ जानेवारी, रविवार
कोट काढला.
नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या म्हणतील म्हातारीला भ्रम झाला. ह्यांचा कोट लोकरीचा, कोपरांवर चामड्याची ठिगळं. जन्मभर लॉरी चालवली ती ह्याच कोटात. केबिनमध्ये शेजारी कुत्रा, तोंडात तंबाखू, आणि परत येताना खिशात काहीतरी. कधी तितर, कधी लावा, कधी ससा कोटाच्या आत पोटाशी धरलेला. वाटेवरचे शिकारी ह्यांचे दोस्त. दार उघडलं की आधी वास आत यायचा, मागून हे. मी चुलीकडे तोंड करूनच सांगायची, आज तितर. हे म्हणायचे, तुलाच केबिनमध्ये बसवतो, कुत्रा घरी राहू दे.
हे गेल्यावर कोट प्लास्टिकच्या पिशवीत घातला, वर घट्ट गाठ. फक्त रविवारी सोडायची. एकदा हुंगायचं, परत गाठ. रोज हुंगला तर संपेल. साबण संपतो, अत्तर संपतं, वास काय वेगळा? पुरवून वापरला तर माझ्या मरणापर्यंत जातो, असा अंदाज होता.
आज गाठ सोडली. वास नाही.
कॉलर बघितली. काखा बघितल्या. खिसा उलटा केला. नुसती लोकर.
मी तापात पडले होते तेव्हा सुनेने धुतला.

संध्याकाळी
विचारलं तिला. म्हणाली, आई, मी हातसुद्धा लावला नाही. हात कशाला लावेल? मशीन आहे ना.
मुलगा मध्ये पडला. म्हणे, लोकरीचा कोट मशीनमध्ये टाकला असता तर बाहुलीला बसेल एवढा झाला असता. बायकोचा वकील, तोही फी न घेणारा.
आजपासून सुनेशी बोलणं बंद. काही सांगायचं झालं तर मुलामार्फत. तो नसेल तर भिंतीला.

९ जानेवारी
खाटकाकडे गेले. जुना माणूस. पूर्वी कुठल्या मटणाची शंका आली की मलाच हाक मारायचा, काकू, जरा हुंगून सांगा. आता दुकानात काचेचं कपाट केलंय, आत लाइट. मटण असं मांडतो, जसं दागिन्यांचं दुकान.
ससा मागितला. नाकाशी धरला. काही नाही. मी म्हटलं, अरे हा ससा का कापूस? म्हणाला, काकू, फार्मवरचा असला तरी दणकून वास आहे, सकाळी एक बाई नाक धरून निघून गेली. मी म्हटलं, ती तुझी बायको असेल, आणि नाक तुझ्यामुळे धरलं असेल.
लसूण, मिरी, व्हिनेगर घालून शिजवला. मुलगा एक घास खाऊन म्हणाला, जरा उग्र आहे. उग्र म्हणे! बापाने आणलेल्या तितरांची हाडं चोखून मोठा झाला हा. सून बाहेर जेवून आली होती. ती औषधांच्या दुकानात काम करते, तिथे म्हणे डबा मागवला. औषधं खाल्ली असतील.
मला तर ससा पुठ्ठा चावल्यासारखा लागला. मीठ पण नव्हतं. मीठ मीच दोनदा घातलं, पण मीठही आता फार्मवरचंच येत असेल.

१४ जानेवारी
चूक सापडली. मटण टांगायला हवं. हे नेहमी सांगायचे, शिकार लगेच खाऊ नये, थंडीत टांगावी, म्हणजे रान आत मुरतं. फ्रिज आला आणि सगळ्या मटणांचा वास मारून टाकला.
खाटकाकडून बदक आणलं. त्याने सांगितलं, टांगायचं तर एक दिवस, फार तर दोन. तो काय मला टांगायला शिकवणार? माझ्या खोलीच्या बाल्कनीत, टॉवेलच्या मागे टांगलंय. रोज सकाळी हुंगते. अजून काही नाही. दमाने घ्यायला हवं.

१९ जानेवारी
इमारतीत उंदीर मेलाय.
वरच्या मजल्यावरची मास्तरीण सकाळीच आली. रिटायर झाली तरी हातात छडी असल्यासारखी बोलते. जिन्यात उभं राहवत नाही म्हणाली. वॉचमनला बोलावलं. मला तर काही जाणवलं नाही, पण आळशी माणसांच्या भरवशावर इमारत सोडून चालत नाही. टॉर्च घेऊन मीच पुढे झाले. जिन्याखाली बघितलं, पंपाच्या खोलीत बघितलं, लिफ्टच्या खड्ड्यात वॉचमनला उतरवलं. उंदीर नाही.
मास्तरीण आमच्या दारासमोर थांबून म्हणाली, इथे जास्त येतोय. मी म्हटलं, बाई, तुम्ही इथे उभ्या राहिल्यावरच जास्त यायला लागला.
गेली रागाने.
बदक अजून कोरडंच. काही वास नाही.

२० जानेवारी
मुलाने बदक उचलून बाहेर नेऊन टाकलं. मला न विचारता. तोंडाला रुमाल बांधला होता, चोरासारखा. म्हणाला, आई, किडे होते त्याला. मी म्हटलं, किडे म्हणजे मुरल्याची खूण. त्याने वर बघितलं, देवाला काहीतरी विचारल्यासारखं.
संध्याकाळी मास्तरीण भेटली. म्हणाली, वास गेला, उंदीर सापडला वाटतं. मी म्हटलं, मी शोधायला घेतल्यावर सापडणारच.

२९ जानेवारी
नॉब ढिला आहे गॅसचा. कितीदा मुलाला सांगितलं.
दुपारी दूध तापवायला ठेवलं होतं. ते उतू गेलं, आग विझली असेल. मी तिथेच स्टुलावर बसून लसूण सोलत होते. सून लवकर घरी आली. दारातूनच ओरडली, लाइटच्या बटणाला हात लावू नका! धावत येऊन नॉब बंद केला, सगळ्या खिडक्या उघडल्या, मला दंडाला धरून जिन्यात नेऊन बसवलं. माझ्या हातात लसूण तसाच. म्हणाली, आई, तुम्हाला वास नाही आला? एवढा? खालपर्यंत येतोय!
मुलगा घरी नव्हता. म्हणून जिन्याच्या भिंतीला सांगितलं, गॅसला पूर्वी वास असायचा, आता कंपन्या त्यातही काटकसर करतात.
 नाटक म्हणावं तर तिच्या पायात एकच चप्पल होती. एक जिन्यात राहिलेली.
रात्री निकाल लागला. घरात दुसरं कोणी नसेल तेव्हा मी गॅसला हात लावायचा नाही. ज्या बाईने ह्या घराला जन्मभर खाऊ घातलं तिने आता आग लावायला परवानगी मागायची. सगळं तिचं कारस्थान. आधी कोट, आता स्वयंपाकघर.

३ फेब्रुवारी
मुलगा डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणजे कालचं पोर, मिशी पेन्सिलने काढल्यासारखी. डोळे मिटायला सांगितले आणि नाकाशी बाटल्या धरल्या. पहिल्या बाटलीला एक डोळा किलकिला ठेवला, कॉफी दिसली, कॉफी म्हणून सांगितलं. खूश झाला. चौथीची परीक्षा पण मी अशीच पास झाले होते. मग त्याने माझ्या डोळ्यांपुढे हात धरला. मी विचार केला, दवाखान्यात काय असणार, म्हटलं स्पिरिट. लवंग होती. तिसऱ्याला म्हटलं साबण.
तिसरी बाटली रिकामी होती.
डॉक्टर आहे का जादूगार? रिकामी बाटली हुंगायला देतो आणि वर फी घेतो.
मुलाला बाहेर नेऊन सांगत होता, तापानंतर कधी कधी नाक जातं. कधी परत येतं. ह्या वयात सहसा येत नाही. दार उघडं होतं. कान माझे ठणठणीत आहेत.
नाक कुठे गेलंय? हे काय, तोंडावर आहे.

९ फेब्रुवारी, रविवार
कोट काढला. नाही.
जरा जास्त वेळ धरला तोंडाशी. एरवी एकदाच हुंगते. आज नियम मोडला. वास नसलेल्या कोटाला कसला नियम?
हे जाऊन वर्ष झालं नाही तोवर एवढं सगळं धुऊन काढलं तिने.

११ फेब्रुवारी
सगळ्यांना आमंत्रण गेलं. लेकीला फोन केला. म्हणाली, आई, साधी कोंबडी कर ना, ह्यांना उग्र चालत नाही. जावयाला उग्र चालत नाही! माझी लेक चालवून घेताना त्याने तोंड वाकडं केलं नव्हतं, आता मटणाला करतोय.
मास्तरणीला पण सांगितलं. झालं गेलं विसरून. ती म्हणाली, माझे दात बसवलेले आहेत. मी म्हटलं, घेऊन या.
माझं मत पक्कं आहे. उग्र मटण न आवडणारा माणूस नसतो, सवय तुटलेला माणूस असतो. एक घास बरोबर लागला की सगळे गप्प बसून खातील. आणि दार उघडल्यावर पूर्वी यायचा तो वास ह्या घरात एकदा यायला हवा. एकदा आला की बास. मी काही रोज मागत नाही.
खाटकाला चोरून हरीण आणायला सांगितलं.

१७ फेब्रुवारी
हरीण आलं. मांडीचा तुकडा, गडद लाल, बघूनच ऊर भरून आला. खाटीक स्वतः पोचवायला आला. म्हणाला, काकू, मला तुमच्या घरून फोन आला होता. हे मुरवूनच आणलंय, सरळ फ्रिजमध्ये ठेवा. हात जोडून सांगतो, टांगू नका. हवा गरम व्हायला लागलीय.
घरून फोन! म्हणजे सुनेचा. खाटकाला पण फितवला.
त्याच्या देखत हुंगलं. काही नाही. त्याने पण हुंगलं आणि माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, काकू, तुम्हाला खरंच नाही येत? मी म्हटलं, तुझ्या मालाला असेल तर येईल.  जाताना माझ्या पाया पडला. कशासाठी कोण जाणे.
फ्रिजमध्ये दोन दिवस ठेवते, सुनेच्या समाधानासाठी. मग ती कामावर गेली की काढून बाल्कनीत. ह्यावेळी बादलीवर ताट झाकून लपवणार. खिडकी बंद.

२२ फेब्रुवारी
हरीण मऊ झालंय. रंग बदललाय. वास अजून नाही, पण शिजताना सुटेल. काही मटणं लाजाळू असतात.

२३ फेब्रुवारी, रविवार, सकाळी
आज एक वर्ष.
लवकर उठले. नवं लुगडं. सून गॅस पेटवून बाजूला उभी राहिली, परवानगी दिल्यासारखी. पातेल्याचं झाकण उघडलं तेव्हा तोंडाला पदर लावून म्हणाली, आई, हे हरीण काही बरोबर वाटत नाही. मी मुलाला सांगितलं, तिला म्हणावं, हरीण मेलेलं आहे, बरोबर कसं वाटेल?
मुलगा म्हणाला, आई, टाकून देऊ या, मी आत्ता दुसरं काहीतरी आणतो. मी म्हटलं, बापाचा दिवस आहे. 
नंतर दोघं आतल्या खोलीत कुजबुजत होती. तिचा आवाज आला, त्यांना करू दे, वाढू दे, आपण नुसतं ताटात ठेवू, कोणी तोंडात घालू नका.
ठीक आहे. एक घास लागला की बघू कोण थांबतं ते.

दुपारी
कोणी खाल्लं नाही.
लेकीचं डाएट. जावई मटण ताटात इकडून तिकडे हलवत होता, गाडी पार्किंगला जागा शोधतात तसा. मास्तरणीचे दात. मुलाला फोन आला, वाजला नव्हता तरी.
मी वाढत होते. विचारलं, कसं झालंय? कोणी वर बघेना. खिडक्या सगळ्या उघड्या, तरी सगळे वारा घेत होते. मी म्हटलं, अरे, त्यांच्या नावाने एक घास तरी घ्या.
सगळ्यांनी पाण्याचे पेले उचलले.
मग सुनेने खाल्लं. पहिला घास नुसता गिळला. मग दुसरा. मी वाढलं होतं तेवढं सगळं खाल्लं, वाटी पुसून. मुलगा तिचा हात धरत होता, तिने सोडवून घेतला. माझ्याकडे बघून म्हणाली, छान झालंय, आई. बाबांना आवडलं असतं.
एवढ्या दिवसांनी सरळ तिच्याशी बोलले. विचारलं, मीठ बरोबर आहे का? म्हणाली, बरोबर आहे.
मी जेवायला बसायच्या आधी तिने पातेलं उचललं, सगळं संपलं म्हणाली. संपलं नव्हतं. अर्धं होतं. मी वाढलेलं मला माहीत नसेल?

२४ फेब्रुवारी
सून आजारी. पहाटेपासून उलट्या, जुलाब, अंगात ताप. मुलगा माझ्याशी बोलत नाही. डॉक्टर येऊन गेला, तोच जादूगार. मुलगा औषधं आणायला गेला, मला सांगून गेला, तिच्याजवळ बस. दोन शब्द. तेवढेच.
बसले. थंडीने दात वाजत होते तिचे. एक पांघरूण खराब होऊन धुवायला टाकलेलं, दुसरं अंगावर, तरी पुरेना. घरात गरम म्हणून ह्यांचा कोटच. पिशवी आणली, गाठ सोडली, कोट तिच्या अंगावर घातला. धुतलेलाच आहे, म्हटलं, कामाला तरी येऊ दे.
तिने ढकलला. डोळे मिटलेले. म्हणाली, आई, कोट नको, बाबांचा वास येतो त्याला, मला ढवळतंय.
मी म्हटलं, कसला वास? धुतलेल्या कोटाला?
म्हणाली, तंबाखूचा. डिझेलचा. कुत्र्याचा. आणि ते खिशातले पक्षी, त्यांचा. उचला ना, आई.
तापातलं माणूस खोटं बोलत नाही. खोटं बोलायला ताकद लागते.
उचलला. खुर्चीत बसून तोंड कॉलरमध्ये घातलं. डोळे मिटून. मग खिशात. मग अस्तरात.
लोकर.
मुलगा आला तेव्हा मी तशीच बसले होते. त्याने कोट माझ्या हातातून काढून घेतला. पिशवीत घातला. गाठ त्याने मारली. मला जमेना.

२६ फेब्रुवारी
सूनबाईने पेज घेतली. मी केली, ती स्टुलावर बसून गॅसकडे बघत. मिठाचं तिला विचारलं. म्हणाली, अजून अर्धा चमचा कमी चालेल, आई. म्हणजे इतके दिवस सगळे खारट खात होते, आणि कोणी बोललं नाही.
तिच्याशी बोलणं सुरू केलंय. माफी वगैरे काही नाही. मुलगा टूरवर गेलाय, निरोप न्यायला माणूस नाही.
खाटकाला फोन केला, काही पाठवू नकोस. का म्हणून त्याने विचारलं नाही.

२ मार्च, रविवार
सूनबाई बरी आहे. सकाळी कपडे घड्या करताना म्हणाली, आई, रविवार आहे, कोट काढायचा का?
मी म्हटलं, तू काढ.
तिने गाठ सोडली. कॉलरला नाक लावलं. मी विचारलं, आहे? म्हणाली, आहे. मी म्हटलं, तंबाखू? म्हणाली, तंबाखू. कुत्रा? कुत्रा पण. मी म्हटलं, पुरे आता, गाठ मार, उडून जाईल.
तिने गाठ मारली. मी ओढून बघितली. घट्ट आहे.
वर्षभर रविवारी रविवारी पुरवून वापरला. बराच उरलाय.